तेल गाळायला कापूस

तोसोर, ६ जून

विहीणबाई अनारकान यांना तळ्याकाठच्या बुरुलचाचा सलाम पोचो.

तुमचे गुडघे, गाय, जर्दाळूची झाडं, सगळं ठीक असेल असं मी धरूनच चालते, कारण विचारायला फोन केला तर तुम्ही उचलत नाही. पाळण्याच्या जेवणापासून उचललेला नाही. म्हणून हा कागदाचा खटाटोप. फोन वाजत ठेवता येतो, पण शेराली ड्रायव्हर जर्दाळू भरायला तुमच्या गल्लीत येणारच आहे. त्याला बजावलंय की पत्र हातात दिल्याशिवाय दारातून हलायचं नाही, आणि तोवर हॉर्न वाजवत राहायचं.

आयझिरेक आणि बेगायिम सुखरूप पोचल्या. तुमची सून आधी माझी मुलगी होती, हे तुम्ही अधूनमधून विसरता म्हणून आठवण करून देते. तुमचा माक्सात मॉस्कोहून परतेपर्यंत सुनेनं सासरीच राहायचं, हा रिवाज मलाही ठाऊक आहे. पण अरावानच्या उन्हात त्या एवढ्याशा जिवाचं काय झालं होतं ते मी गाडीतून उतरवून घेताना पाहिलं. गालांची सालं निघालेली, कोपरांच्या घड्या ओल्या, गुडघ्यांच्या मागे ओरबाडून रक्त. आठ महिन्यांचं पोर हसायचं सोडून अंग घासत बसतं, हे बघवत नाही. पाळण्यात आपल्याकडे हात बांधतातच, पण हिचे हात ती जागी असतानाही मऊ फडक्यात गुंडाळून ठेवावे लागतात, नाहीतर ती स्वतःलाच फाडते. तुम्ही म्हणालात म्हणे की ही आमच्या मेंढ्यांची खरूज आहे. विहीणबाई, हा इसब आहे. खरूज असती तर आधी मला झाली असती, कारण मेंढ्यांत मी राहते.

आता त्या जेवणाचं. मी काय बोलले ते तुम्ही साऱ्या अरावानला सांगितलंच आहे, तर माझीही बाजू एकदा ऐका. मी मुलीची आई. रिवाजाप्रमाणे पाळणा घेऊन आले, दोन घाट ओलांडून, गाडीच्या टपावर बांधून. आमच्याकडे व्याही आले की मेंढी कापतात आणि ज्याच्या मानाचं जे हाड, ते त्याच्या पानात पडतं. मी वाट पाहत बसले. तुमच्याकडचा पलाव आला, डोंगराएवढा, वर मांस बारीक चिरून घातलेलं. म्हटलं, हाड मागून येईल. मागून खरबूज आलं. तेव्हा मी फक्त विचारलं, तुमच्याकडच्या मेंढ्यांना हाडं नसतात का. यात अपमान कुठला? पलावाचं ते ताट माझ्यापुढे आधी ठेवलं हाच तुमच्याकडचा मान, हे जावयानं मला परतताना घाटात सांगितलं, तेव्हा तो मॉस्कोला जायचा होता आणि मला सोडायला आला होता. आधी सांगायला त्याचं तोंड कुणी शिवलं होतं का?

असो. तुमचा निरोप आयझिरेकनं दिला. सफरचंदं उतरेपर्यंत पोरीची कातडी नीट झाली नाही तर तुम्ही स्वतः येऊन तिला घेऊन जाणार, आणि पुन्हा तळं दाखवणार नाही. मंजूर. घोडामैदान जवळच आहे. बोकोन्बायेवोच्या बाजारापासून काराकोलपर्यंत बायका माझं मलम नेतात. चिचिरकानाकची ती काटेरी झुडपं आमच्या तळ्याकाठी हवी तेवढी. त्यांच्या नारंगी फळांचं तेल, त्यात झेंडूसारखं ते कॅलेंडुलाचं फूल, ज्येष्ठमधाची मुळी आणि मधमाश्यांचं मेण. स्टेरॉईडचा कण नाही. दुसऱ्यांची पोरं त्यानं निवली आणि माझी स्वतःची नात निवली नाही, तर मी बाजारात कुठल्या तोंडानं बसू?

एक विचारायचं राहिलं. आयझिरेकच्या पिशवीत एक पांढरी डबी सापडली, वर नाव ना गाव. म्हणते, तुम्ही बाजारातल्या कुण्या जडीबुटीवाल्या बाईकडून आणलीत आणि लावली की सकाळपर्यंत लाली गायब होते. मी आयुष्यभर मुळ्या उकळतेय. एका रात्रीत लाली घालवणारी मुळी मला अजून भेटलेली नाही. डबी मी कपाटावर ठेवली आहे आणि लावणं बंद केलंय.

तुमची विहीण बुरुलचा


तोसोर, १९ जून

विहीणबाई,

तुमचं उत्तर मिळालं. एकच ओळ, तीही शेरालीच्या चहाच्या पुड्यावर. 'पोर भाजून काढलीत, आता तरी डबी लावा.' सोबत एक पोतं तांदूळ आणि तोंडी सूचनांची यादी, जी शेरालीला पाठ नव्हती म्हणून त्यानं मनानंच रचून सांगितली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. घोडं असतं तर निदान आमचे म्हातारे खूश झाले असते.

तांदूळ चांगला आहे. एवढं कबूल करते.

आणि पोरीचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. डबी बंद केल्यावर चार दिवस बरे गेले आणि मग अंग असं पेटलं की मी घाबरले. पाठ, मान, पोट, सगळं लालभडक. माझं मलम लावलं की रडायची. आयझिरेक नुसती माझ्याकडे बघत राहिली. विहीणबाई, शिव्या सोसवतात, हे बघणं सोसवत नाही. पोरीबरोबर आलेली तुमची पांढरी चादर तेवढी माझ्या मलमानं नारंगी झाली. चिचिरकानाकचा डाग जात नाही, तर ती आता आमचीच समजा.

शेवटी दोन्ही डब्या कनवटीला लावून काराकोलला गेलो. तिथे गुलसायरा म्हणून त्वचेची डॉक्टरीण आहे, माझ्या आयझिरेकपेक्षा थोडी मोठी असेल. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तिनं माझं मलम हुंगलं, हातावर चोळलं, म्हणाली वास छान आहे आणि हाच वास काढून टाका. डोंगरातल्या अर्चाच्या झाडाचं तेल मी सुवासासाठी घालते ना, ते म्हणे अशा नाजूक कातडीला झोंबतं. गुऱ्हाळात ऊस नको म्हटल्यासारखं वाटलं मला. पण पोरगी माझ्या मांडीवर लाल होऊन बसली होती, म्हणून मान हलवली.

मग तुमची डबी तिनं तपासायला पाठवली. आणि तिला जो संशय होता त्यावरून पोरीला फार्मसीतलं एक सौम्य मलम लिहून दिलं. स्टेरॉईडचंच. थोडं थोडं कमी करत न्यायचं आणि मग बंद करायचं. मी उठले. म्हटलं, माझ्या घरात हे येणार नाही. ती शांतपणे म्हणाली, "आजी, औषध वाईट नसतं. लपवलेलं औषध वाईट. या डबीत काय आहे, किती आहे, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून एकदम बंद केल्यावर अंग उलटलं."

मी बसले. मला खाली बसवणाऱ्या बाया जगात फार नाहीत, एक तुम्ही आहात, आता ही दुसरी.

तिच्या पद्धतीनं चाललंय आता. कोमट पाण्याची थोडकी आंघोळ, त्या पाण्यात चेरेदा गवताचा काढा, आपल्या आया घालायच्या तोच. साबण नाही. अंग टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच मलम थापायचं, लाज न बाळगता, दिवसातून कितीदाही. ते थापायचं मलम मात्र माझं, वासाशिवायचं. डॉक्टरीण म्हणाली तेल आणि मेण चांगलं आहे, कातडीतलं पाणी राखतं. आधी पायावर एका जागी एवढंसं लावून पाहायचं आणि मग अंगभर. म्हणजे माझं मलम खोटं नाही. एकटं पुरत नाही, एवढंच.

बुरुलचा


तोसोर, ११ जुलै

विहीणबाई,

डबीचा तपास आला. बसून वाचा.

त्यात जडीबुटी नावाला आहे. बाकी मोठ्यांच्या जाड कातडीला देतात तसलं जहाल स्टेरॉईड. शुद्ध वनस्पती म्हणून विकलेलं. हे कळल्यावर मी काय केलं ते लपवत नाही. आधी म्हाताऱ्यांना सांगितलं, मग शेजारच्या काकिशला, मग दूध घालायला जाताना वाटेत भेटेल त्याला. ही काकिश म्हणजे अशी बाई की तिला कळलं म्हणजे तळ्याच्या त्या काठाला कळलं. बघा म्हटलं, आमच्या विहीणबाईंची जादूची डबी. दिवस फार छान गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेराली आला आणि म्हणाला, आयझिरेकनं तुम्हाला फोनवर सांगितल्याबरोबर तुम्ही डोक्याला रुमाल बांधलात, त्या बाजारात गेलात आणि त्या बाईचं टेबल डब्यांसकट उलथवलंत. वर उभं राहून ओरडलात, कुणाच्या पोराला हे लावलंय त्यांनी आधी डॉक्टरकडे जा, एकदम बंद करू नका. शिपाई आला तर त्यालाही एक डबी हातात दिलीत म्हणे, तपासून आण म्हणून.

हे ऐकून माझी गंमत संपली. मी दिवसभर गावात फिरले ती मिरवायला. तुम्ही बाजारात गेलात ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी. आणि ती डबी तुम्ही नातीवरच्या मायेनं आणली होती. माझ्यासमोर ती बाई बसली असती आणि म्हणाली असती शुद्ध वनस्पती, तर मीच आधी घेतली असती, कारण मला तेच ऐकायला आवडतं. काकिशला मी हे परत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, पहिली गोष्ट जास्त चांगली होती.

टेबल उलथवताना तुमच्या गुडघ्यांना काही झालं नाही ना? मला बघायला मिळालं असतं तर मी दोन्ही घाट पायी ओलांडले असते.

बेगायिमचं सांगते. फार्मसीचं मलम जवळजवळ सुटलं. गाल भरले, कातडी बसली. म्हातारे तिला तळ्याकाठी नेतात, ती वाळूत बसून घोड्यांवर ओरडते. कोपरं पुष्कळ बरी आहेत. पण एक कोडं सुटत नाही. संध्याकाळी अंग बघावं तर छान, आणि सकाळी पाळण्यातून काढलं की मान, पाठ, पोटऱ्यांच्या मागची बाजू परत लाल. हात बांधलेले असतात, तरी ती मान घासून घासून उशीवर केस गाळते. दूध बघितलं, आयझिरेकचं खाणं बघितलं, पाणी उकळून बघितलं. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, अंगाला काय लागतंय ते बघा. मी म्हटलं, अंगाला माझं मलम लागतं, दुसरं काही नाही.

तुमची बुरुलचा


तोसोर, २ ऑगस्ट

अनारकान,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. आता सरळ लिहिते.

गेल्या आठवड्यात तळ्यावर ऊन लागलं म्हणून म्हाताऱ्यांनी आपला जुना सुती सदरा काढून झाडाखाली अंथरला आणि पोरीला त्यावर निजवलं. फडकीही सोडून ठेवली. ती गाढ झोपली. उठली ती एकही ओरखडा न काढता, मान पांढरीशुभ्र. घरी आणून पाळण्यात ठेवली आणि थोड्या वेळात परत रडारड, मान घासणं. आमचे ओमुरबेक तसे वर्षातून चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी तिथे खर्च केलं. म्हणाले, "बुरुलचा, तिला तुझी मेंढी चावतेय."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, त्यामुळे वाया गेलं.

मग सगळे शेतात असताना मी पाळण्यातली गादी काढली, बाही वर केली आणि दंडाच्या आतल्या मऊ बाजूला ती घासली. मग गालाला. मग मानेला लावून तशीच पडून राहिले. माझी कातडी म्हणजे खोगीर, तरी टोचायला लागलं. हळूहळू, पण टोचत होतं. डॉक्टरणीला फोन केला तर ती म्हणाली, आजी, लोकर? इसबाच्या पोराला लोकर? मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तिला वाटलं होतं, पाळण्यात कापूस असेल.

पाळण्यात लोकर आहे, कारण मी घातली. माझ्या कळपातल्या पांढऱ्या मेंढीची, पहिल्या कातरणीची, तळ्याच्या पाण्यात धुतलेली, हातानं विंचरलेली. आयझिरेकच्या पोटात पोर आहे हे कळलं त्या दिवसापासून मी ती गादी करत होते. तशी गादी आमच्या गावात कुणाची नाही. आणि तीच माझ्या नातीला रात्रभर ओरबाडत होती, आणि वरून मी मलम लावत होते. मला फार वाईट वाटलं, अनारकान. पाळण्याशेजारी बसून रडले मी.

आता मुद्द्याचं. बाजारातून कापसाची म्हणून गादी आणली, आतून निघालं नायलॉनचं पिंजण, पोर घामानं भिजली. म्हाताऱ्यांच्या सदऱ्यांचे तुकडे अंथरतोय, पण ते गोळा होतात. चांगला कापूस इथे पिकत नाही. तो तुमच्या अंगणासमोर पिकतो.

पाळणा आणि त्यातलं अंथरूण मुलीच्या माहेरानं आणायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. बाळाच्या बापाच्या घरून अंथरूण आलं तर लोक काय म्हणतात तेही सांगायला नको. मुलीचे आईबाप रिकाम्या हातानं आले होते, असं म्हणतात. काकिश तर आधी म्हणेल आणि मग विचार करेल. मी ज्या तोंडानं तुमच्या मेंढ्यांची हाडं विचारली, त्याच तोंडानं मागते आहे. कापूस पाठवा. पाळण्याच्या गादीपुरता, उशीपुरता आणि पांघरुणापुरता. सरकीचा कण नसलेला.

सफरचंदं रंगायला लागली आहेत. पोर नीट झाली नाही तर तुम्ही तिला न्याल, हे ठरलेलं आहे. न्या. पण तोवर तिला नीट झोपू द्या.

बुरुलचा


तोसोर, १४ ऑगस्ट

अनारकान,

शेराली म्हणतो पत्र दिलं. तुम्ही उभ्यानंच वाचलंत, घडी घातलीत आणि फाटक लावून घेतलंत. निरोप काही नाही. मी त्याला तीन प्रकारे विचारलं, चेहरा कसा होता. तो म्हणाला, चेहऱ्यासारखा होता.

कापूस नसेल पाठवायचा तर राहू द्या. एवढंच करा, मी मागितला होता हे अरावानमध्ये कुणाला सांगू नका. सांगितलंत तरी मी काही म्हणणार नाही. तुमच्या त्या डबीची गोष्ट मी गावभर केली, तेव्हा मला बोलायला तोंड नाही.

बु.


तोसोर, २० सप्टेंबर

माझ्या अनारकान,

तुमच्या गाडीची धूळ खाली बसून आठवडा झाला, आता मी कागद घेतला. समोर होतात तेव्हा तोंडातून निघालं नाही, पत्रात निघतं. सवय लागली आहे.

त्या दिवशी शेरालीची गाडी दारात थांबली आणि त्यातून जर्दाळूच्या पेट्यांऐवजी तुम्ही उतरलात, गुडघा धरून, टपावर दोन फुगलेली पोती. मी अंगणात तेल ढवळत होते, ढवळणं तसंच राहिलं. आणि फाटकाशी कोण, तर काकिश. तिनं एका पोत्याच्या कोपऱ्यातून निघालेला पांढरा बोळा बघितला, मग मला बघितलं, आणि गोड आवाजात विचारलं, "विहीणबाई, एवढा कापूस कशाला आणलात हो?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. रुमाल सारखा करत म्हणालात, "बुरुलचाबाईंकडे तेल गाळायला कापूस कमी पडतो म्हणे. मी मलम शिकायला आलेय त्यांच्याकडे. शिकायला कुणी रिकाम्या हातानं येतं का?"

तेल मी फडक्यानं गाळते. हे गावाला माहीत आहे, काकिशला माहीत आहे आणि तुम्हाला आयझिरेकनं सांगितलेलं होतं. माझी अब्रू तुम्ही अशी झाकलीत, की ज्या बाईनं तुमच्या पलावाला नावं ठेवली तिच्याकडे तुम्ही शिष्य होऊन आलात, तेही रस्त्यावर, चारचौघांत. मला तेव्हाच तुमच्या गळ्यात पडायचं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, पोती ओली होतील, आत घ्या. आभाळ स्वच्छ होतं.

मग दार लावून आपण जे केलं ते लिहायची गरज नाही, तुम्ही तिथेच होतात. तरी लिहिते, मला आवडतं आठवायला. तुम्ही काठ्यांनी कापूस पिंजत होतात आणि खोलीत बर्फ पडल्यासारखं झालं होतं. म्हातारे आत आले, शिंकले, निघून गेले. माझी शिलाई तुम्ही दोनदा उसवायला लावलीत, म्हणालात, ही गादी आहे, खोगीर नव्हे. मी तुम्हाला मेण किती तापवायचं ते शिकवलं, आणि तुम्ही ते जाळलंत. माझी लोकर म्हाताऱ्यांच्या उशीत गेली आणि ते म्हणतात, इतकी वर्षं ही चांगली उशी कुठे होती. हे त्यांचं या वर्षातलं तिसरं वाक्य.

पोरीची मान तुम्ही जाईपर्यंत निवळत आलीच होती. आता पाठही स्वच्छ आहे. कोपराच्या घडीत एक बोटभर खरखरीत पट्टा अजून आहे, डॉक्टरीण म्हणते हा इसब येऊन जाऊन राहील, थंडीत डोकं वर काढेल, घाबरायचं नाही आणि मलम थांबवायचं नाही. तुमच्या गादीवर ती रात्रभर झोपते. आम्हीही झोपतो. आयझिरेकच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, मी विसरलेच होते की ती किती सुंदर आहे.

आता तुम्ही गेल्यावरचं, जे तुम्हाला माहीत नाही. काल ऊन चांगलं होतं. मी पाळण्यातलं सगळं अंथरूण बाहेर काढलं, गादी, उशी, पांघरूण, आणि परसात नाही, रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत घातलं. अरावानचं ते छापील कापड लांबून ओळखू येतं. काकिश आलीच. हात लावून बघितलं, दाबून बघितलं. म्हणाली, हे कुठलं गं?

तुम्ही दिलेलं उत्तर तयार होतं माझ्यापाशी. तेल गाळून उरलेला कापूस म्हटलं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं. पण तुमच्या त्या चांगुलपणाखाली मला लपून बसवेना. मी म्हटलं, "बेगायिमच्या बापाच्या घरचं आहे. माझी लोकर तिला टोचत होती. मी मागितलं, आणि विहीणबाई घेऊन आल्या."

बाकीच्या बायाही थांबल्या होत्या. काकिशनं उशी उचलून उन्हात धरली, परत कुंपणावर ठेवली. मग जवळ आली आणि हळूच म्हणाली, आमच्या नातवाचीही मान अशीच असते, कापूस थोडा उरलाय का. उरला होता. दिला.

सफरचंदं उतरली. मी पैज जिंकले, म्हणजे पोर माझ्याकडे राहायला हरकत नाही. तुम्ही जाताना त्या गोष्टीचं नाव काढलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. तर ऐका. पुढच्या आठवड्यात आयझिरेक आणि बेगायिम अरावानला येताहेत. मी कुणाच्या दबावाखाली पाठवत नाही. माक्सात हिवाळ्यात घरी येतोय, त्याला पोरीचा चेहरा नीट झालेला दिसू दे. आणि आमच्याकडच्या थंडीत चूल दिवसभर पेटलेली असते, ती कोरडी हवा तिला सोसायची नाही, हे डॉक्टरीणही म्हणाली. आयझिरेकला विचारलं, तर ती म्हणाली, आई, दोन्ही घरी तुम्ही भांडत नसाल तर मला कुठेही चालतं. पाळणा परत टपावर बांधून येतोय, गादी तुमचीच आत.

मलमाच्या मोठ्या बरण्या देते आहे, वासाशिवायच्या. आंघोळ थोडकी, पाणी कोमट, अंग टिपायचं, ओलसर असतानाच थापायचं. नवीन काहीही कुणी आणून दिलं, मी दिलं तरी, आधी पायावर एका जागी लावून बघा. लाली वाढली तर डॉक्टरांकडे, बाजारात नाही. चादरी जुन्या काढा, सगळ्या नारंगी होणार आहेत.

आणि पाळण्यात हात बांधू नका. रिवाज आहे, पण आता गरज नाही. बांधलेले हात सोडल्यापासून ती स्वतःला खाजवत नाही, झोपताना शेजारच्याचं नाक धरते आणि धरूनच झोपते. इतके दिवस माझं धरत होती. आता तुमचं धरेल. नखं कापून पाठवते आहे, तरी थोडं दुखतं. सोडवून घेऊ नका.

तुमची बुरुलचा